कॅथरीन पार: दुसऱ्याच्या ग्रंथातून वेचून केलेलं पुस्तक तिचं म्हणायचं का?

खांडेपारची बाई

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणीतरी एका लेखिकेवर बोलतं. या खेपेला पाळी माझी, आणि मी उत्साहाच्या भरात कॅथरीन पारचं नाव देऊन बसले. दोन राण्यांची मुंडकी उडवणाऱ्या इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची सहावी राणी. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवताना मी तिला एका वाक्यात उरकायची: 'ही शेवटची, ही वाचली.' आता वाचायला घेतलं तर माझीच मला लाज वाटली.

जन्म १५१२ चा. जुलै १५४३ मध्ये हेन्रीशी लग्न झालं तेव्हा दोनदा विधवा झालेली. पुढच्याच वर्षी राजा फ्रान्सच्या मोहिमेवर गेला तेव्हा मागे राज्यकारभार हिच्याच हाती. आणि १५४५ मध्ये 'प्रेयर्स ऑर मेडिटेशन्स' हे प्रार्थनांचं छोटेखानी पुस्तक तिनं इंग्रजीत, स्वतःच्या नावानं छापून घेतलं. इंग्लंडच्या राणीनं आपल्या नावावर छापलेलं ते पहिलंच पुस्तक. इथवर माझं भाषण झकास चाललं होतं. मग कळलं, की त्यातला बहुतेक मजकूर थॉमस अ केम्पिस या ख्रिस्ती साधूच्या 'इमिटेशन ऑफ क्राइस्ट'मधून घेतलेला आहे! आदल्या वर्षी नाव न घालता आलेलं, पण तिचंच मानलं जाणारं 'साम्स ऑर प्रेयर्स' तर उघडउघड भाषांतर, बिशप जॉन फिशरच्या लॅटिन पुस्तकाचं. हा तोच फिशर, ज्याचं मुंडकं १५३५ मध्ये याच हेन्रीनं उडवलं. (काय घर असेल ते.)

समोर आमच्या भजनी मंडळाच्या बायका असणार. त्यांना फसवता येत नाही. 'मग हिचं स्वतःचं काय गो बाई?' हा प्रश्न येणारच. काय सांगू?

म्हापशेकर

बाई, आधी ती काय घेते त्यापेक्षा काय गाळते ते बघा. केम्पिसच्या ग्रंथाचा तिसरा भाग तिनं वापरलाय, आणि तो भाग म्हणजे संवाद आहे. ख्रिस्त बोलतो, शिष्य बोलतो. कॅथरीननं ख्रिस्ताचं बोलणं काढून टाकलं. उरला एकच आवाज, मागणाऱ्याचा. तो राणीचा आहे की मोलकरणीचा, बाईचा की पुरुषाचा, काही कळत नाही. कुणीही हातात घ्यावं आणि आपलं म्हणून वाचावं. मूळ ग्रंथ मठातल्या साधूंसाठी होता, हे ध्यानात घ्या.

शिवाय 'द लॅमेंटेशन ऑफ अ सिनर' आहेच. ते सर्वस्वी तिचं. त्यात ती आपल्या आधीच्या आंधळ्या समजुतींची कबुली देते आणि माणूस तरतो तो कर्मकांडानं नव्हे, श्रद्धेनं, असं ठासून सांगते. ते छापलं कधी? नोव्हेंबर १५४७ मध्ये. हेन्री वारला त्याच वर्षीच्या २८ जानेवारीला. तारखाच काय ते बोलतात: तो असेतो हे छापणं धोक्याचं होतं.

संशयी_मडगाव

थोडं थांबा. राणीचं पुस्तक राजाच्याच छापखानदारानं छापलं. नाव राणीचं नसतं तर छापून कुणी दिलं असतं? त्याच सुमारास अ‍ॅन अ‍ॅस्क्यू नावाची बाई जवळजवळ हीच मतं बोलत होती. लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात, तिचे सांधे निखळेपर्यंत तिला ताणलं, आणि १६ जुलै १५४६ ला स्मिथफील्डला जिवंत जाळलं. चालता येईना म्हणून खुर्चीत बसवून नेलं. छळणाऱ्यांना तिच्या तोंडून दरबारातल्या बायकांची नावं हवी होती. तिनं दिली नाहीत. भाषण या बाईवर करा ना.

आणि 'वाचली' हे खरं असलं तरी त्यात विशेष काय? चौथी राणी, क्लीव्ह्जची अ‍ॅन, १५५७ पर्यंत आरामात जगली. कॅथरीन बाळंतपणानंतर आठवड्यात गेली, ५ सप्टेंबर १५४८ ला. म्हणजे हेन्रीमागं जेमतेम वीस महिने.

म्हापशेकर

@संशयी_मडगाव अ‍ॅस्क्यूचं मान्य, पण राणीचीही पाळी आलीच होती. जॉन फॉक्स या धर्मइतिहासकारानं पुढे लिहून ठेवलेली हकिकत अशी: धर्मावर वाद घालते म्हणून राजाचे कान भरले गेले, अटकेचा कागद तयार झाला, तो कुणाच्या तरी हातून पडला आणि तिच्यापर्यंत पोचला. ती राजाकडे गेली. म्हणाली, मी वाद घालते तो तुमच्या पायाचं दुखणं जरा विसरावं म्हणून, आणि तुमच्याकडून चार गोष्टी शिकाव्यात म्हणून. दुसऱ्या दिवशी राजाचा बडा मंत्री, चॅन्सेलर रायथस्ली चाळीस शिपाई घेऊन बागेत हजर, तर राजानं त्यालाच शिव्या घालून पिटाळलं. फॉक्सनं मीठमसाला किती लावला ते सोडा.

जुन्या_गोव्याचा_वाटसरू

बाई, श्रोते गोव्याचे आहेत तर काळ इथल्या खुणांनी सांगा. फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले मे १५४२ मध्ये, हिच्या राणीपदाच्या सव्वा वर्ष आधी. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. ती तेव्हा आठ वर्षं थडग्यात. आणि दुसऱ्याचा मजकूर आपल्या साच्यात ओतण्याचंच बोलायचं तर थॉमस स्टीफन्सला कसं विसरता? गोव्यात आलेला हा धर्मप्रसारकही इंग्रज. कथा बायबलची, ओवी आपली, आणि राशोलला १६१६ मध्ये छापलेलं त्याचं 'क्रिस्तपुराण' आपण मराठी वाङ्मयात मोजतोच की.

खांडेपारची बाई

@म्हापशेकर, तुमचं 'काय गाळते ते बघा' वाचलं आणि मी उठून आजीची वही काढली. लाल कापडी बांधणीची, कडेनं वाळवी लागलेली. तिच्यात एक गौळण आहे, सवाल-जवाबाची. आजीनं त्यातली कृष्णाची सगळी कडवी गाळून फक्त गौळणीची उतरवलीत. लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाली, 'तो काय बोलणार ते मला ठाऊक आहे. माझं सांगायचं राहतं.' मंडळात ती तशीच म्हणतात आजही, आणि सगळ्या तिला आजीचीच गौळण म्हणतात. गाऱ्हाण्यात तरी देव कुठे बोलतो? मागायचं आपण, 'व्हय म्हाराजा' म्हणायचं तेही आपणच. बायकांना एवढं सांगितलं की कॅथरीन कळेल.

@संशयी_मडगाव, अ‍ॅस्क्यूला दहा मिनिटं देते. तिच्यावरून तुमच्याशी वाद नाही.

आणि एक चित्र छापून नेणार आहे. अकरा वर्षांच्या एलिझाबेथनं सावत्र आईला १५४५ च्या नववर्षाला एक भाषांतर स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं, त्याचं वेष्टण. निळ्या कापडावर सोन्यारुप्याची वेलबुट्टी, मध्ये कॅथरीनची आद्याक्षरं, चार कोपऱ्यांत पॅन्सीची फुलं. प्रोजेक्टर आहे आमच्याकडे, पण पावसात विजेचा काय भरवसा. कागदावरच बरं, हातोहात फिरवता येईल.