जुन्या जीपचे हेडलाइट: डावा लालसर, आणि डिपरवरही निळा दिवा

कडून: विनय, सध्या मुक्काम मुलुंड

मंडळी, नमस्कार.

विषय मंडळाच्या ई-मेल यादीवर जरा आडवाटेचा आहे, पण इथे बापूकाकांसारखे जाणकार आहेत म्हणून विचारतोय. मी गणपतीपर्यंत मुंबईत आहे. बाबांची १९८४ ची महिंद्राची डिझेल जीप अजून सोसायटीच्या आवारात उभी आहे आणि एका चावीत सुरू होते. बाबांना चिपळूणला याच जीपने जायचंय, तेही रात्री निघून. वय चौऱ्याहत्तर. मी नाही म्हणू शकत नाही, आणि मला नाही म्हणायचंही नाही.

परवा रात्री घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत चक्कर मारली. रस्त्यावरचे दिवे मागे पडले आणि मला समोरचा खड्डा दिसेना. उजवा हेडलाइट बरा आहे. डावा इस्त्रीच्या तारेसारखा लालसर जळतो, डिपरवरही (जवळचा, खालचा उजेड) आणि अप्परवरही (लांबचा, वरचा). बल्ब एच-४, म्हणजे एकाच काचेत दोन फिलामेंट: अप्परचं ६० वॅट, डिपरचं ५५. दोन्ही बाजूंचे बल्ब आपापसात बदलून पाहिले, तरी डावाच मंद. जवळच्या एका गॅरेजवाल्याने नवा बल्ब घातला, होल्डर बदलला, आणि आता म्हणतो सगळी वायरिंग काढावी लागेल. होल्डर मोकळा करून मीटर लावला तर बारा व्होल्ट व्यवस्थित येतात. मग अडतंय कुठे?

आणखी एक. डिपरवर असतानाही डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा अगदी मिणमिणता पेटलेला असतो. त्याचा याच्याशी संबंध आहे का माहीत नाही. बाकी दोन वर्षांपूर्वी गाडीला नवा रंग दिला, तेवढंच काम झालंय.

विनय

---

कडून: बापूकाका, दादर

चि. विनय,

अनेक आशीर्वाद. वायरिंगला हात लावू देऊ नकोस. शेवटी जे सहज लिहिलंस तेच खरं निदान आहे: निळा दिवा आणि नवा रंग. तुझ्या डाव्या दिव्याचा अर्थ, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीवरून बॅटरीकडे परत जायची जोडणी, तुटलाय.

कसं ते नीट समजून घे. बल्बला तीन पिना. एक डिपरची, एक अप्परची, तिसरी दोघांची मिळून अर्थची. डाव्या दिव्याचा अर्थ सुटला की डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बॉडीवर जायला वाट उरत नाही. मग तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, अप्परच्या तारेने उजव्या दिव्याकडे जातो, आणि तिथल्या अप्परच्या फिलामेंटमधून अर्थ होतो. तीन फिलामेंट एकामागोमाग एक लागली, बारा व्होल्ट तिघांत वाटले गेले, प्रत्येकाच्या वाट्याला चारच्या आसपास. म्हणून लालसर. निळा दिवा अप्परच्या तारेवरच बसलेला असतो, त्यामुळे तोही मिणमिणतो. अंधारात उजवा दिवा जवळून बघ, त्याचं अप्परचं फिलामेंटही डिपरवर किंचित तांबडं दिसेल.

आता मीटरबद्दल, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. होल्डर मोकळा करून घेतलेल्या बारा व्होल्टला काही किंमत नाही. शंभर तारांतली एकच शाबूत असली तरी मीटर बारा दाखवतो, कारण मीटर करंट खेचतच नाही. दिवा जळत असतानाच मोजायचं. बॅटरीच्या मायनसवर एक टोक, दुसरं बल्बच्या अर्थच्या पिनेवर मागून टेकवलेलं. तिथे ०.२ व्होल्टच्या आत यायला हवेत. तुझ्याकडे किती येतात ते कळव.

तुझ्या जीपमध्ये हा अर्थ समोरच्या जाळीच्या पत्र्यावर एका स्क्रूने धरलेला असणार. (युद्धातल्या विलीज जीपचे हेडलाइट उलटे फिरवून रात्री इंजिनवर उजेड पाडता यायचा. तुझ्या गाडीत ती सोय नाही, टॉर्च हाताशी ठेव.)

बापूकाका

---

कडून: मेघना

विनय, मी तर म्हणेन सरळ एलईडी बल्ब टाक. करंट कमी लागतो, उजेड पांढरा, अर्ध्या तासाचं काम. माझ्या भावाने पुण्याच्या गाडीत तेच केलं.

मेघना

---

कडून: विनय

काका,

७.४ व्होल्ट! दिवा जळत असताना, अर्थची पिन ते बॅटरीचा मायनस. मी दोनदा मोजले.

मग बॅटरीच्या मायनसपासून एक वायर ओढून डाव्या दिव्याच्या अर्थला टेकवली. दिवा एकदम पांढरा झाला. बाबा आत स्टिअरिंगवर बसले होते, ते ओरडले, "निळा विझला रे!" त्या आवाजाने वॉचमन धावत आला.

स्क्रू जाळीच्या मागे, रेडिएटरच्या बाजूला सापडला. रंगवाल्याने थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) काढून पत्रा रंगवला होता आणि थिंबल रंगावरच परत कसला होता. ब्लेडने खरवडलं तर वर हिरवा, खाली तांबडा रेड ऑक्साइड, मग पत्रा. स्क्रूच्या आट्यांतून जेवढा अर्थ मिळत होता तेवढ्यावर दोन वर्षं निघाली, आणि या पावसात आट्याही गंजल्या. पॉलिश पेपरने रुपयाएवढा पत्रा चकचकीत केला, नवं थिंबल आणि दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस. आता ०.१ व्होल्ट.

पण काका, दोन्ही दिवे सारखे झाले तरी मला उजेड कमीच वाटतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर ११.२. बाकीचे २.६ कुठे जातात?

विनय

---

कडून: बापूकाका

चि. विनय,

छान मोजलंस. बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात घटत नाही, फार वेगाने घटतो. व्होल्ट दहा टक्क्यांनी पडले की उजेड तीस टक्क्यांनी पडतो. १३.८ चे ११.२ झाले म्हणजे निम्मा उजेड वाटेतच गेला.

वाट लांब आहे. बॅटरीपासून डॅशबोर्डचा स्विच, तिथून खाली पायातला डिपर स्विच, तिथून परत पुढे दिव्यांपर्यंत. टप्प्याटप्प्याने मोज. माझा संशय पायातल्या डिपरवर आहे. क्लचशेजारी, फरशीवर, चाळीस वर्षं चिखलाचे बूट आणि पावसाचं पाणी त्याच्यावर. काढलास तर पितळी पिनांवर हिरवं आलेलं दिसेल.

साफ कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. दोन रिले टाक, एक डिपरला, एक अप्परला. रिले म्हणजे थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट सोडणारा स्विच. जुनी तार फक्त रिलेची कॉइल ओढेल, तिला अर्धा अँपिअरही लागत नाही. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीकडून येणारी तार, ८७ वरून दिव्यांना, ८५ आणि ८६ कॉइलला, त्यातला एक अर्थ. दिव्यांची तार २.५ चौरस मिलिमीटरची घे. दोन्ही रिलेंना बॅटरीजवळच वेगवेगळे १५ अँपिअरचे फ्यूज लाव. एकाच फ्यूजवर सगळं ठेवलं आणि कशेडी घाटात तो उडाला तर गाडी पूर्ण अंधारात. वेगळे असले तर पाय दाबून अप्परवर घर गाठता येतं.

१००/९० वॅटचे बल्ब कोणी गळ्यात मारले तर घेऊ नकोस. अप्परवर दोघांना मिळून सोळा अँपिअरच्या वर लागतात, होल्डर वितळतो.

मेघना, राग मानू नकोस. त्या गोल परावर्तकाचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी बेतलेला आहे. एलईडीचे ठिपके त्या जागी बसत नाहीत, उजेड वर फाकतो आणि समोरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत जातो. घाटात तो माणूस आपल्यामुळे आंधळा होतो. शिवाय एलईडी इतका कमी करंट घेतो की विनयचा सुटलेला अर्थ बहुधा लवकर लक्षातच आला नसता.

बापूकाका

---

कडून: मेघना

राग कसला, काका. भावाला तुमचा मेल पाठवलाय. समोरच्या गाड्या त्याला सारख्या लाइट मारतात, तो म्हणायचा लोकांना शिस्त नाही.

---

कडून: विनय

काका,

डिपर स्विचमध्येच १.३ व्होल्ट जात होते. नऊ अँपिअरने गुणलं तर बाराएक वॅट, म्हणजे पायाखाली एक छोटा दिवाच जळत होता. स्विचला हात लावला तर गरम. काढल्यावर पिना तुम्ही म्हणालात तशाच, हिरव्या, आणि आत वाळलेल्या चिखलाची ढेकळं. बाबा म्हणाले ती माती मुरबाडची, कारण माळशेजला शेवटचे तेच गेले होते.

वायर लोहार चाळीतून आणली, रिले आणि त्यांचे बेस कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. दुकानदार आधी घरगुती वायर देत होता, मी बारीक तारांची ऑटो वायरच मागितली. थिंबलं दाबून बसवली. बाबांनी प्रत्येक जोड ओढून पाहिला, एक हातात आला, तो परत केला. जाळीच्या पत्र्यातून वायर जाते तिथे ती घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट (भोकात बसणारं कडं) घातले.

आता बल्बवर १३.५. रात्री सोसायटीच्या मागच्या भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे लावले. उजवा बराच वर बघत होता, स्क्रू फिरवून दोन्ही सारखे खाली घेतले. भिंतीवरच्या विटांचे सांधे मोजता येत होते.

गुरुवारी रात्री दहाला निघतोय. जास्तीचे दोन फ्यूज, एक रिले आणि तुमच्या मेलचा प्रिंट डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. चिपळूणला पोचलो की कळवतो. बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय, आणि येताना गावची काजू काय भावाने आणायची ते विचारलंय.

विनय