जिवंत जनावरं जहाजानं पाठवायची की तिथेच कापून मांस पाठवायचं?

रानवाट

बरेच दिवस हा विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतोय. ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये कायदा केला की १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या बाहेर पाठवायच्या नाहीत. न्यूझीलंडनं जहाजानं जनावरं पाठवणं २०२३ मध्येच बंद केलं, ब्रिटननंही २०२४ मध्ये कत्तलीसाठी जिवंत जनावरं निर्यात करायला मनाई केली. आणि दुसरीकडे सुदान, सोमालिया, ब्राझील, रोमानिया इथून जहाजं भरभरून चाललीच आहेत.

माझा प्रश्न साधा आहे. आज रेफ्रिजरेटेड कंटेनर आहेत, कार्गो विमानं आहेत, मग हजारो जिवंत प्राणी दोन-तीन आठवडे समुद्रावर का न्यायचे? जिथे वाढले तिथेच कापा आणि मांस पाठवा, प्राण्याचे हाल वाचतील, कत्तलखान्यातली कामं त्याच देशात राहतील, कातडं वगैरेचे पैसेही तिथेच राहतील. हे इतकं सरळ असेल तर आत्तापर्यंत झालं का नाही? मी स्वतः मांस खातो, त्यामुळे खावं की न खावं हा वाद इथे नकोय. व्यवहारात गाडी कुठे अडते ते माहीत असलेल्यांनी सांगा.

बंदरकाठ

तुम्ही माल पाठवणाऱ्याच्या बाजूने बघताय, जरा घेणाऱ्याच्या बाजूने बघा म्हणजे कळेल. मी रेफर, म्हणजे रेफ्रिजरेटेड कंटेनरच्या कामात आहे. गोठवलेलं मांस उणे १८ ला जातं आणि महिनोन्महिने टिकतं, पण न गोठवलेलं, ज्याला आम्ही चिल्ड म्हणतो, तेसुद्धा नीट व्हॅक्यूम पॅक करून शून्याच्या किंचित खाली धरलं तर कोकराचं मांस दोन महिन्यांच्या वर चांगलं राहतं. म्हणजे जहाजानं जवळपास कुठेही पोचतं. तंत्राची अडचण आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

अडचण कंटेनर बंदरात उतरल्यानंतर सुरू होते. इंडोनेशियाचंच बघा, तिथे जनावर रात्री कापतात आणि मांस पहाटे उघड्या बाजारात जातं, दुपारपर्यंत संपतं. विकणाऱ्याकडे फ्रीज नाही, घेणाऱ्या बऱ्याच घरांत नाही, आणि लोकांना तेच ताजं मांस हवं असतं. जनावर जिवंत असेपर्यंत मांस खराब होत नाही, इतका हा सरळ हिशोब आहे. शिवाय इंडोनेशिया ऑस्ट्रेलियातून जे बैल-गायी घेतो ते बहुतेक लगेच कापायला घेतच नाही, साधारण साडेतीनशे किलोच्या आतली जनावरं घेतो आणि स्वतःच्या फीडलॉटमध्ये तीनेक महिने चारून मोठी करतो. त्या चाऱ्यात तिथल्याच शेतीचा, कारखान्यांचा उरलासुरला माल जातो, तिथल्याच माणसांना काम मिळतं. तेव्हा "प्रक्रिया आमच्याकडे होऊ दे" असं फक्त विकणारा देश म्हणत नाही, घेणारा देशही तेच म्हणतो. कत्तलखाना दोघांनाही आपल्याच दारात हवाय. ह्या वादात ही बाजू फार कमी लोक बोलतात.

अजून एक, सबसिडी. आखातातले काही देश जिवंत मेंढ्यांच्या आयातीवर पैसे घालायचे, म्हणजे लोकांना ताजं मटण स्वस्तात मिळायचं आणि आयात केलेलं चिल्ड मटण शेजारी महाग दिसायचं. बहारीननं २०१५ मध्ये ती सबसिडी काढली, कतारनं २०२० च्या शेवटी काढली, आणि दोन्हीकडे जिवंत मेंढ्यांची मागणी घसरून चिल्ड मांस वाढलं. तिथे कुणी बंदी घातली नव्हती, फक्त भावातली ती गडबड निघून गेली. मला तर वाटतं मोर्चे आणि कायदे यांच्यापेक्षा ह्या एका गोष्टीनं जास्त जहाजं थांबवली असतील.

खूरपारखी

बंदरकाठ यांचं व्यवहाराचं सगळं बरोबर आहे, पण जहाजात काय होतं ते सांगितल्याशिवाय हा हिशोब पूर्ण होत नाही म्हणून लिहिते. मी पशुवैद्य आहे.

मेंढीला माणसासारखा घाम येत नाही, ती अंग थंड करते ते मुख्यतः धापा टाकून. धापा टाकल्या की श्वासातून पाणी उडतं, उष्णता बाहेर जाते. पण हवेतच दमटपणा गच्च भरलेला असेल तर पाणी उडणार कुठे? म्हणून नुसता थर्मामीटर बघून काही कळत नाही, वेट बल्ब तापमान बघावं लागतं, त्यात उष्णता आणि दमटपणा दोन्ही येतात. दक्षिण गोलार्धात हिवाळा असताना अंगावर जाड लोकर असलेली मेंढी जहाजात चढते आणि विषुववृत्त ओलांडून ऐन उन्हाळ्यात आखातात पोचते. बंद डेकवर पंखे बाहेरचीच गरम दमट हवा आत ढकलतात. खाली लेंड्या आणि मुताचा थर असतो, एरवी तो वर सुकत जातो आणि मेंढ्या त्यावर बसतात, पण दमटपणा वाढला की त्याचा चिखल होतो, अमोनिया उठतो, डोळे-नाक चुरचुरतात. आधी मेंढी तोंड मिटून भराभर श्वास घेते, मग तोंड उघडतं, मग मान पुढे ताणून जीभ बाहेर काढते. तोंड उघडून जीभ बाहेर आलेली मेंढी दिसली की समजायचं, वेळ फार थोडा उरलाय. आणि समुद्राच्या मध्यावर तुम्ही करणार काय, रात्रीसुद्धा गारवा येत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये अवासी एक्सप्रेस ह्या जहाजावर ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून आखाताकडे जाताना सुमारे २,४०० मेंढ्या अशाच उष्णतेनं गेल्या. जहाजावरच्याच एका शिकाऊ अधिकाऱ्यानं केलेलं चित्रण २०१८ मध्ये टीव्हीवर आलं आणि तिथून ऑस्ट्रेलियातलं वारं फिरलं. नंतर आखातातल्या उन्हाळ्याच्या महिन्यांत मेंढ्या पाठवणं थांबवलं, मृत्यूचं प्रमाण किती झालं की चौकशी लावायची ती मर्यादाही २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली. पण माझं म्हणणं आहे की मेलेल्या मेंढ्या मोजून हाल मोजताच येत नाहीत. ज्या जिवंत उतरल्या त्यांनी ते दिवस कसे काढले ते त्या टक्क्यात कुठे दिसतं?

आणि जहाजं तरी कसली, बरीचशी जुनी, दुसऱ्या कामासाठी बांधलेली आणि नंतर बदलून घेतलेली. २०१९ मध्ये रोमानियाच्या मिडिया बंदराबाहेर क्वीन हिंद उलटलं, त्यावर १४,००० च्या वर मेंढ्या होत्या. २०२० मध्ये जपानजवळ वादळात गल्फ लाइव्हस्टॉक १ बुडालं, ते मुळात कंटेनर जहाज होतं, जवळजवळ ६,००० गायी गेल्याच पण जहाजावरच्या ४३ माणसांपैकी फक्त दोघं वाचली. २०२२ मध्ये सुदानच्या सुआकिनला बदर १ धक्क्यालाच बुडालं, १५,००० च्या वर मेंढ्या त्यात होत्या. ह्या खलाशांबद्दल कुणीच बोलत नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं.

कळपवाला

मी मेंढ्या राखणारा माणूस आहे. ताईंनी लिहिलेलं वाचून पोटात कालवलं, त्यातलं एक अक्षर खोटं नाही. आमच्या धंद्यातल्या कुणालाही जनावर तसं मरावं असं वाटत नाही. पण जहाज बंद झालं की मेंढपाळाचं काय होतं तेही ऐका.

मेंढ्या विकायची वेळ आपण ठरवत नाही, पाऊस ठरवतो. चारा संपला की सगळ्यांच्याच मेंढ्या एकदम बाजारात येतात, आणि नेमका तेव्हाच कत्तलखाना म्हणतो आमच्याकडे जागा नाही, काही आठवडे थांबा. थांबायचं म्हणजे विकत चारा घालायचा, वजन तरी घटतंच आणि भाव तर पडलेलाच असतो. मोठं जहाज एका फेरीत पन्नास-साठ हजार मेंढ्या उचलतं, आणि मुख्य म्हणजे बाजारात ते दुसरं गिऱ्हाईक असतं. आवाक्यात एकच कत्तलखाना असेल तर तो देईल तो भाव घ्यायचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातले शेतकरी जे बोंबलतायत ते मुख्यतः ह्यासाठी, जहाजात किती मेंढ्या जातात ह्यापेक्षा जहाज उभं आहे म्हणून बाकीच्या मेंढ्यांना काय भाव मिळतो ह्यासाठी.

आणि एका रात्रीत बंदी घातली की काय होतं ते २०११ मध्ये दिसलं. इंडोनेशियातल्या कत्तलखान्यांमधलं क्रूर चित्रण ऑस्ट्रेलियात टीव्हीवर दाखवलं आणि जूनमध्ये मंत्र्यांनी तिकडची गुरांची निर्यातच थांबवली. महिन्याभरात उघडली, पण जनावरं गोळा करायचा हंगाम तोच होता, गोठे भरलेले, कर्जाचे हप्ते चालू, माणसं आणि ट्रक ठरवलेले. २०२० मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं ती बंदी बेकायदा ठरवली, पण तोवर नऊ वर्षं गेली होती.

"मग कत्तलखाना बांधा" म्हणणाऱ्यांसाठी पण सांगतो, तोही प्रयोग झालाय. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ लिव्हिंगस्टनला २०१४ मध्ये खास ह्याच विचारानं मोठा कत्तलखाना उभा केला आणि २०१८ मध्ये तोट्यामुळे बंद ठेवावा लागला. तिकडे पावसाळ्यात रस्ते बंद होतात म्हणजे कित्येक आठवडे जनावर येतच नाही, पण वीज, पाणी, कामगार यांचा खर्च काही थांबत नाही, आणि त्यात गुरांचे भाव वर गेले. कत्तलखान्याला रोज ठरावीक जनावर लागतं, नाहीतर तो तुम्हालाच खातो.

तळटीप

सगळी चर्चा ऑस्ट्रेलियाभोवती फिरतेय, पण हा प्रश्न सर्वात जास्त कुणाला चटका देत असेल तर सोमालियासारख्या देशांना. तिथे शेळ्या-मेंढ्या आणि उंट हेच लोकांचं भांडवल, बर्बेरा आणि बोसासो बंदरांतून ते आखातात जातात, हजच्या आधी तर सगळ्यात जास्त. १९९८ मध्ये रिफ्ट व्हॅली फीव्हर ह्या जनावरांना आणि माणसांनाही होणाऱ्या विषाणूच्या रोगाच्या भीतीनं सौदी अरेबियानं आयात बंद केली, ती वर्षभरानं उघडली, मग २००० मध्ये पुन्हा बंद केली ती २००९ पर्यंत. नऊ वर्षं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अधिकृतरीत्या बंद! जिवंत जनावर विकणाऱ्याच्या मानेवर ही टांगती तलवार कायम असते, एक रोग आला की दार बंद, आणि जनावर काही गोदामात ठेवता येत नाही.

इथे मांसाचा मुद्दा खरा जोरात येतो. कापल्यावर धड नीट टांगून मुरू दिलं की मांसातलं आम्ल वाढत जातं आणि अशा बऱ्याच विषाणूंना ते सहन होत नाही, म्हणजे रोगाच्या दृष्टीनं मांस जिवंत जनावरापेक्षा बरंच सुरक्षित. पण हे घेणाऱ्या देशाला पटवायचं तर लॅब लागते, ज्याच्या शिक्क्यावर बाहेरच्यांचा विश्वास आहे असा सरकारी पशुवैद्य लागतो, चोवीस तास वीज लागते. जे देश गरीब आहेत त्यांच्याकडे नेमकं तेच नाही. म्हणून मला वाटतं मदत करायची तर ह्या गोष्टींना करावी, नुसती इमारत बांधून फीत कापून काही होत नाही.

कातडं, काळीज, वजडी, मुंडी, पाय ह्याचंही कुणीतरी म्हटलंय. मेंढीच्या जिवंत वजनातलं निम्मं किंवा त्याहून जास्त वजन ह्या सगळ्यात आणि पोटातल्या चाऱ्यात जातं. जिवंत विकलं की ते सगळं घेणाऱ्याचं. आणि हजच्या कुर्बानीचं मांससुद्धा १९८० च्या दशकापासून एका मोठ्या योजनेतून गोठवून कितीतरी देशांतल्या गरिबांना पाठवलं जातं, तेव्हा गोठवलेलं मांस लोक घेतच नाहीत हे काही खरं नाही.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं तपशिलात मिळेल असं वाटलं नव्हतं. कळपवाला दादा, एकच विचारतो, समजा जहाज बंद होणारच आहे, ऑस्ट्रेलियात तारीख ठरलेली आहेच, तर तुमच्यासारख्या माणसाला काय मिळालं तर तुम्ही त्याला हो म्हणाल? आणि ताई, गाभण किंवा पैदाशीची जनावरं पाठवतात त्यांचं काय, त्यांचं तर मांस पाठवून चालणार नाही ना?

खूरपारखी

पैदाशीसाठी गोठवलेलं वीर्य आणि भ्रूण पाठवता येतात, ते काम जगभर रोज चालतं, नायट्रोजनच्या एका टाकीत अख्ख्या कळपाची पैदास मावते. फक्त कळप चटकन मोठा करायचा असेल तर वेळ लागतो, म्हणून चीनसारखे देश हजारो कालवडी जहाजानं मागवत आले. गल्फ लाइव्हस्टॉक १ वरच्या गायी न्यूझीलंडहून चीनलाच चालल्या होत्या, आणि न्यूझीलंडनं बंदीचा निर्णय त्यानंतरच्याच वर्षी जाहीर केला. घाई परवडत नाही एवढंच मी म्हणेन.

कळपवाला

तारीख आधी सांगितली हे चांगलं केलं, २०११ सारखं नाही केलं. मला विचाराल तर पैशांच्या पॅकेजपेक्षा दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे टप्प्यात येईल अशा अंतरावर किमान दोन वेगवेगळ्या मालकांचे कत्तलखाने, नाहीतर भाव मागायची सोयच राहत नाही. आणि दुसरं, दुष्काळी वर्षात कत्तलखान्यानं कामाची जास्तीची पाळी चालवायची हमी, म्हणजे ज्या महिन्यात सगळ्यांच्या मेंढ्या एकदम येतात त्या महिन्यात आमचा नंबर तीन आठवड्यांनी लागणार नाही. ह्या दोन गोष्टी लेखी मिळाल्या तर मी आजच माझ्या मेंढ्या जहाजावर चढवायचं बंद करेन. रॅम्पवरून वर चढताना त्या मागे वळून बघतात, ते मला अजिबात बघवत नाही.