नटवा, फाकडा, हौशी: पुरुषाच्या पेहरावाचे शब्द

चर्चाप्रस्ताव

एक शब्द हवा आहे. स्वतःच्या मर्जीने, गंमत म्हणून, पण विचार करून कपडे घालणाऱ्या पुरुषाला मराठीत काय म्हणायचं? चालू फॅशन पाळतो तो फॅशनेबल, तो मला अभिप्रेत नाही. 'टापटीप', 'नीटनेटका' हे शब्द इस्त्री आणि स्वच्छतेपाशी थांबतात. खणाचं जाकीट घालून ऑफिसला जाणारा, आजोबांचं उपरणं मफलरसारखं गुंडाळणारा, पांढऱ्या सदऱ्याला वेगवेगळ्या रंगांची बटणं लावून घेणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याच्यासाठी मला 'नखरेल', 'नटवा', 'छानछोकी करणारा' एवढंच आठवतं आणि तिन्हींत नाराजी आहे. कौतुकाचा शब्द आहे का? कोशातला, बोलीतला, कुठलाही चालेल.

प्रतिसाद

फाकडा! यात शंका कसली? देखणा, ऐटदार, बेडर, सगळं त्यात आलं. पेशवाईत हा किताबासारखा वापरला जाई. मानाजी शिंदे 'फाकडे' म्हणूनच ओळखले जात. आणि पहिल्या इंग्रज–मराठा युद्धात कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा शत्रूकडचा अधिकारी, त्यालाही आपल्या लोकांनी 'इष्टुर फाकडा' केलं. जानेवारी 1779 मध्ये तो कार्ल्याला पडला. शत्रूला असं नाव देणारी भाषा आहे आपली, मग रंगीत बटणं लावणाऱ्याला द्यायला काय हरकत आहे?

प्रतिसाद

दादा, फाकडा हा सुंदर शब्द आहे, पण तुमचंच उदाहरण पाहा. इष्टुरला फाकडा म्हटलं ते लढला म्हणून, कोट चांगला होता म्हणून नव्हे. 'रुबाबदार'चंही तसंच. रुबाब मूळ अरबीतला, धाक या अर्थाचा; त्यामागे अधिकार लागतो. 'ऐट' आणि 'डौल' चालण्याबसण्यात दिसतात, फाटक्या सदऱ्यातला माणूसही ऐटीत चालू शकतो. म्हणजे पुरुषाच्या दिसण्याचं कौतुक मराठी करते, पण त्याला शौर्याची, अधिकाराची किंवा निदान चालीची जोड असावी लागते. निव्वळ कपड्यांत रमला की तो नटवा. प्रस्तावातली अडचण नेमकी इथे आहे.

प्रतिसाद

आमच्या कोल्हापूरकडे या गोष्टीला 'नाद' म्हणतात. याला फेट्याचा नाद हाय, त्याला वहाणांचा नाद हाय. चालताना करकर वाजावी म्हणून मुद्दाम तशी बनवून घेतलेली कापशी वहाण ही काय गरजेची वस्तू आहे? गल्लीच्या तोंडाशी माणूस आला की घरात कळायचं. फेट्याचा शेमला किती लांब सोडायचा, तुरा किती उभा ठेवायचा, यावर बापलेकांत वाद झालेले मी ऐकलेत. आणि मनापासून आवडलं की 'नाद खुळा' ही दाद ठरलेली. त्यात नाराजी शून्य.

अडचण एकच, नाद कशाचाही असतो: कुस्तीचा, बैलांचा, गाण्याचा, पत्त्यांचा. 'नादी माणूस' एवढंच म्हटलं तर कपडे कुणाच्या मनात येणार नाहीत.

प्रतिसाद

छैलछबिला?

प्रतिसाद

'छैल'ची मुळं चांगली आहेत. प्राकृतातला 'छइल्ल' म्हणजे चतुर, विदग्ध, ज्याला रस कळतो असा. पण आज छैलछबिला म्हटलं की मुलींच्या मागे फिरणारा डोळ्यांसमोर येतो, 'गुलहौशी' आणि 'रंगेल' त्याच्याही पुढे जातात. एखाद्याने जांभळे मोजे घातले तर त्यावरून त्याचं चारित्र्य ठरवणारे शब्द आपल्याला नकोत.

प्रतिसाद

वरच्या चर्चेत शब्दांना नाराजी चिकटलेली दिसते, ती कुठून आली हे आधी पाहू. ही नाराजी फार जुनी नाही असं माझं ठाम मत आहे.

वात्स्यायनाने नागरकाची, म्हणजे शहरात राहणाऱ्या सुसंस्कृत पुरुषाची, दिनचर्या सविस्तर दिली आहे. रोज स्नान, एक दिवसाआड अंगाला मर्दन, तिसऱ्या दिवशी फेनक, म्हणजे साबणासारखा फेस, चौथ्या दिवशी दाढी. शिवाय उटी, माळ, ओठांना अळता, आरशात पाहणं, तांबूल. हे सगळं पुरुषाने शिकायचं आणि करायचं. पेशवाईतल्या पुरुषाच्या अंगावर काय काय होतं तेही आठवा: कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी, खाली चौकडा, पगडीवर शिरपेच, गळ्यात कंठी आणि गोफ, हातात सलकडी, अंगात भरजरी अंगरखा. दागिन्यांचे हे शब्द पुरुषांचेही होते आणि लढणारे पुरुषही ते घालत. आज ढोलताशा पथकांतली मुलं भिकबाळी घालतात, ती निदान त्यातली एक गोष्ट परत आली.

मधे काय झालं? युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीला पुरुषांनी रेशीम, लेस, रंग हे सगळं सोडलं आणि गडद, साधा, एकसारखा कोट पत्करला. जॉन फ्लुगेल या मानसशास्त्रज्ञाने 1930 मध्ये याला पुरुषांचा महान त्याग असं नाव दिलं. लंडनचा ब्रमेल त्या काळातला नावाजलेला माणूस. निळा कोट, पांढराशुभ्र कडक गळपट्टा, बाकी काही नाही, आणि ते बांधायला तास न् तास. लोक त्याला दिखाऊ समजतात, पण त्याने पुरुषांच्या अंगावरचा झगमगाट कमी केला. तीच गडद शिस्त इंग्रजी कचेऱ्या, कोर्टं आणि शाळांमधून आपल्याकडे आली. भला माणूस साधा दिसतो, कामाचा माणूस कपड्यांकडे बघत नाही, हे आपण परंपरा म्हणून सांगतो. त्यात कचेरीचा वाटा बराच मोठा आहे. साधेपणाचा संतांनी केलेला आग्रह निराळा. तो मोह सोडण्याबद्दल होता, करड्या पँटीबद्दल नव्हता.

आता शब्दाकडे येतो. माझं मत 'हौस' या शब्दाला.

हौस अरबी–फारसीतल्या 'हवस'पासून आली. हिंदी–उर्दूत हवस वासनेकडे गेली. मराठीने मात्र त्याच शब्दाला घरात घेतलं, धुऊनपुसून स्वच्छ केलं. गर्भारशीची हौस, नव्या घराची हौस, हौसमौज. राज्य नाट्यस्पर्धेत 'हौशी' गट असतो, म्हणजे पैशासाठी नव्हे तर आवडीने करणारे. 'हौसेला मोल नाही' यात तक्रार नाही, उलट मुभा आहे. जे गरजेचं नाही, फायद्याचं नाही, कुणी सांगितलेलं नाही आणि तरी मन लावून केलं, ती हौस. प्रस्तावातल्या माणसाचं वर्णन याहून नेमकं मला सापडत नाही. 'तो कपड्यांचा हौशी आहे', 'हौशीने नेसतो–घालतो' असं म्हटलं तर कुणाला दंश होत नाही.

पण हौस म्हणजे आनंद, ती अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे त्या माणसाची ओळख. त्यासाठी दुसरा शब्द तयार आहे: 'लकब'. अरबीत लकब म्हणजे बिरुद, उपनाव. मराठीत ती माणसाची खास पद्धत झाली. बोलण्याची लकब, चालण्याची लकब, तान घेण्याची लकब. पेहरावाची लकब असं आपण क्वचितच म्हणतो, पण म्हणायला हवं. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन अनवाणी फिरत, हातात लांबलचक ब्रश धरून, ती लकब होती. इटलीतले उद्योगपती जान्नी अन्येल्ली मनगटी घड्याळ शर्टाच्या कफवरून बांधत, तीही लकब. दोघांचं अनुकरण करणारे हास्यास्पद दिसले, कारण लकब उसनी घेता येत नाही.

इटालियनमध्ये 'स्प्रेझ्झातुरा' हा शब्द याच गावचा. 1528 साली कास्तिल्योने या लेखकाने दरबारी माणसाबद्दल लिहिताना तो वापरला: केलेले कष्ट लपवायचे, सगळं सहज झाल्यासारखं दाखवायचं. पुरुषांच्या कपड्यांवर लिहिणारे आज हा शब्द फार वापरतात. मला तो पूर्ण पटत नाही. हौस लपवायची नसते. फेटा बांधायला अर्धा तास लागला तर लागला म्हणून सांगावं. जपानी मला अधिक जवळचा वाटतो: तिथे एदो काळाच्या सुरुवातीला, म्हणजे सतराव्या शतकात, विचित्र रंगांचे, उफराटे कपडे घालून फिरणाऱ्या तरुणांना 'काबुकीमोनो' म्हणत. त्यातलं 'काबुकू' म्हणजे कलणं, तिरकं होणं. काबुकी या नाटकाचं नावही तिथलंच. आपल्याकडे टोपी जरा तिरकी घालतात, तो तोच भाव.

'तऱ्हेवाईक' या शब्दाबद्दलही एक वाक्य. 'तऱ्हा' म्हणजे रीत, घडण. ज्याला स्वतःची तऱ्हा आहे तो आपल्या भाषेत थेट विचित्र ठरला, हे मला लागतं.

प्रतिसाद

मी शिलाईच्या धंद्यात आहे, तिथले शब्द सांगते. गिऱ्हाईक पुरुष असेल तर तो सहसा म्हणतो, 'साधंच करा', 'काही वेगळं नको', 'मागच्या मापाने'. हौस असलेला माणूस वेगळा ओळखू येतो. तो अस्तराबद्दल विचारतो. बाहेरून काळं जाकीट, आतलं अस्तर मात्र लाल इरकलीचं, ते फक्त त्याला ठाऊक. अशा माणसाला आमच्याकडे 'शौकीन' म्हणतात आणि तो शब्द आदराने म्हणतात, कारण असं गिऱ्हाईक कापड हातात घेऊन बघतं.

खणाबद्दल: खण पूर्वी चोळीचं कापड. काठ आणि बुट्टी असल्यामुळे पुरुषाच्या जाकिटाला ते बेतताना काठ कुठे येणार हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर सगळं अंग काठांनी चिरल्यासारखं दिसतं. मी काठ फक्त खिशाच्या पट्टीवर घेते. एक गोष्ट खेळकर ठेवली की बाकीचं शांत ठेवावं, असं माझं सांगणं असतं. वरच्या प्रतिसादातली लकब अशीच तयार होते. एकदा आवडलेली गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा करतो, मग ती त्याची होते. दर महिन्याला नवं काहीतरी करणाऱ्याची लकब होत नाही.

प्रतिसाद

ताईंचं पटलं. पण एक शब्द इथे अजून कुणी घेतला नाही आणि तो घ्यायलाच हवा: 'छपरी'. मुंबईत आणि आता सगळ्या मोबाइलवर, रंगवलेले केस, चमकती पँट, मोठा गॉगल घालणाऱ्या गरीब वस्तीतल्या मुलाला छपरी म्हणतात. यातला डंख कपड्यांना नाही, घराच्या छपराला आहे. तोच गॉगल, तेच केस एखाद्या नटाने मिरवले की ती 'स्टाईल'. हौस कुणी करायची याचीही आपल्याकडे परवानगी लागते.

महाडला 1927 मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं की लुगडं नेसण्याची रीत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाका. कपड्याला तेव्हा किती अर्थ होता बघा. त्यांचा स्वतःचा सूट आज कितीतरी पुतळ्यांवर निळा आहे, आणि तो बघून किती मुलांनी पहिला सूट शिवला असेल. त्याला कुणी छानछोकी म्हणू नये.

आफ्रिकेत काँगो नदीच्या दोन काठांवर, दोन वेगळ्या देशांत असलेल्या ब्राझाव्हिल आणि किन्शासा या शहरांमधले नटूनथटून फिरणारे 'सापर' बघा. ब्राझाव्हिलच्या बाकोंगो वस्तीतली साध्या मिळकतीची माणसं, पण रविवारी गुलाबी सूट, पॉलिश केलेले बूट, हातात छडी. नियम पाळतात: एका वेळी तीनपेक्षा जास्त रंग नाहीत. पलीकडे किन्शासाच्या बाजूला, तेव्हाच्या झैरमध्ये, मोबुटू या हुकूमशहाने सूट–टायवर बंदी घातली होती, तेव्हा पापा वेम्बा या गायकाच्या भोवतीची तरुण पोरं मुद्दाम नटून बाहेर पडली. माझ्या लेखी हे सगळे फाकडे. इथे वरच्या दादांचा शब्द अगदी बरोबर बसतो, कारण अशा ठिकाणी रंगीत कपडे घालायला धैर्य लागतंच.

प्रतिसाद

सहमत. 'बायकी' हा शब्दही याच पेटीत टाकावा. पुरुषांना करड्या रंगात बांधून ठेवणारी सगळ्यात मोठी भीती तीच आहे. हिंदीत म्हणतात, खाए मनभाता, पहने जगभाता. खाण्याला मन आणि कपड्याला जग, ही वाटणी मला कधीच मान्य झाली नाही.

प्रस्तावकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आता असं ठरवलंय: माणसाला 'हौशी', त्याच्या पद्धतीला 'लकब', आणि ज्याला हे करायला लोकांचं ऐकून घ्यावं लागतं त्याला 'फाकडा'. शौकीनही ठेवतो, तो चोखंदळ गिऱ्हाइकासाठी.

वापराचा एक प्रश्न उरला. लकब स्त्रीलिंगी, तेव्हा 'त्याची पेहरावाची लकब न्यारी आहे' बरोबर. पण अनेकवचन 'लकबी' की 'लकबा'?

प्रतिसाद

लकबी. 'त्याच्या बोलण्याच्या लकबी' असंच म्हणतात. पेहरावालाही तेच चालेल.