झपाट्याने वाढणाऱ्या टेक कंपनीची ऑफर: सही करण्याआधी काय विचारावं?

खिडकीजवळची_खुर्ची
सिनियर बॅकएंड इंजिनिअर पदाची ऑफर आहे. दीड वर्षात कंपनीतली माणसं दुप्पट झालीत. टीम सॅन फ्रान्सिस्को, लंडन आणि सिंगापूरमध्ये विखुरलेली, करार लंडनचा. मुलाखतीत प्रत्येकाने 'वर्क-लाइफ बॅलन्स उत्तम' असंच सांगितलं, रजाही म्हणे 'अमर्याद'. यातलं खरं किती, हे कोणत्या प्रश्नांनी कळेल? उत्तर द्यायला एक आठवडा आहे.

रात्रपाळी
'बॅलन्स कसा आहे?' असं विचारलं की 'छान' हेच ऐकायला मिळणार. आकडे मागा, आणि तेही एचआरकडे नको. होणारा मॅनेजर आणि टीममधला एखादा इंजिनिअर यांना वेगवेगळं विचारा. कंपनी एकच असली तरी पेमेंट्सवाल्यांच्या आणि इंटर्नल टूल्सवाल्यांच्या रात्री सारख्या नसतात.

आधी ऑन-कॉल, म्हणजे सिस्टिम बिघडली तर रात्रीही उठून बघायची पाळी. रोटेशनमध्ये किती जण? गेल्या महिन्यात रात्री किती पेज (फोनवर येणाऱ्या बिघाडाच्या सूचना) आले आणि त्यातल्या कितींवर खरंच काही करावं लागलं? गूगलच्या एसआरई टीमने (सिस्टिम चालू ठेवणारे इंजिनिअर) जाहीर केलेलं गणित असं: टीम एकाच ठिकाणी असेल तर किमान ८ जण, दोन ठिकाणी असेल तर प्रत्येकी ६. बारा तासांच्या शिफ्टमध्ये २ पेक्षा जास्त इन्सिडंट (बिघाड) नकोत, कारण मूळ कारण शोधणं, दुरुस्ती आणि पोस्टमॉर्टेम (बिघाडाचा नंतरचा लेखी आढावा) धरून एक इन्सिडंट सुमारे ६ तास खातो. चारच जण असतील आणि प्रायमरी-सेकंडरी (पहिला आणि राखीव) दोन्ही त्यांच्यातूनच भरायचे असतील, तर दर दोन आठवड्यांतला एक आठवडा फोन उशाशी.

वाढत्या कंपनीत घोडं इथेच पेंड खातं. सर्व्हिसेस भराभर वाढतात, पण नवा माणूस रोटेशनमध्ये उभा राहायला काही महिने जातात, आणि त्याला शिकवायचं कामही ऑन-कॉलवाल्यांच्याच गळ्यात. फालतू अलर्टची साफसफाई स्प्रिंटमध्ये (एक-दोन आठवड्यांच्या कामाच्या आखणीत) कुठे दिसतच नसेल, तर पुढे काय होणार ते उघड आहे.

घड्याळवाला
वरच्याशी सहमत, फक्त आठाचा आकडा छोट्या टीमला परवडत नाही. सहा जण असतील पण पेज क्वचितच येत असतील, तर चालून जातं.

मला जास्त काळजी टाइमझोनची वाटते. या तिन्ही शहरांत ऑफिसच्या वेळेतला सामाईक तास एकही नाही. सॅन फ्रान्सिस्कोत दुपारचे ४ म्हणजे हिवाळ्यात सिंगापूरला सकाळचे ८ आणि लंडनला मध्यरात्र. मीटिंग सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळाला बांधलेली असेल, तर उन्हाळ्यात सिंगापूरवाल्यांना ती ७ वाजता येते, कारण तिथलं घड्याळ हलतच नाही. शिवाय अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे सॅन फ्रान्सिस्को-लंडन अंतर ८ ऐवजी ७ तासांचं, आणि तेवढे दिवस कॅलेंडरची खिचडी.

म्हणून विचारायचं: तिन्ही ठिकाणांची एकत्र मीटिंग महिन्यात किती वेळा? गैरसोयीची वेळ आलटूनपालटून घेतात, की नेहमी हेडऑफिसचीच सोय बघतात? निर्णय लेखी डॉक्युमेंटवर होतात की कॉलवर? कॉलवर होत असतील तर झोपलेल्या शहराचं मत धरलंच जात नाही.

बारीक_अक्षर
करारात ४८ तासांची ऑप्ट-आउट ओळ (ती मर्यादा सोडून द्यायची संमती) आहे का, ते बघा. ब्रिटनमध्ये आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे, सरासरी साधारणपणे १७ आठवड्यांची धरतात. ऑप्ट-आउटवर सही ऐच्छिक असते. केलीच असेल तरी नंतर मागे घेता येते. नोटीस किमान ७ दिवसांची, करारात लिहिलं असेल तर ३ महिन्यांपर्यंत.

अमर्याद रजेबद्दल एकच प्रश्न: गेल्या वर्षी टीमने सरासरी किती दिवस घेतली? मॅनेजरला आकडा माहीत नसेल, तर रजेचा हिशेब कोणी ठेवत नाही असं समजा.

शेअर्स ४ वर्षांत मिळणार आणि पहिलं वर्ष क्लिफ (तोवर काहीच मिळत नाही) असेल, तर अकराव्या महिन्यात सोडल्यास हाती शून्य. दमलेली माणसं तारखेकडे डोळे लावून टिकतात ती यामुळेच.

खिडकीजवळची_खुर्ची
हे सगळं विचारलं तर कामचुकार नाही ना वाटणार?

रात्रपाळी
ऑन-कॉलचे प्रश्न सिनियर इंजिनिअरने विचारायचेच असतात. शेवटच्या दोन पोस्टमॉर्टेमची रूपरेषा मागा. त्यात वेळा नोंदलेल्या असतात, पहाटे कोण जागं होतं ते तिथेच दिसतं. द्यायला नकार दिला तर निदान पेजचा महिन्याचा आकडा तरी घ्या.