हत्तीनची लढाई (११८७): पाणी सोडून फौज पुढे का गेली?

परभणीचा प्राध्यापक (प्रश्न):
नमस्कार. क्रुसेड (पवित्र भूमीसाठी ख्रिस्ती लोकांनी लढलेली धर्मयुद्धे) शिकवताना हत्तीनच्या लढाईपाशी माझी गाडी दरवर्षी अडते. २ जुलै ११८७ रोजी जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याची जवळपास सगळी फौज सफुरियाच्या झऱ्यांवर तळ देऊन होती आणि तिथे पाण्याला तोटा नव्हता. इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने सरोवराकाठच्या तबरिया शहराला वेढा घातल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही फौज झरे सोडून, भर उन्हाळ्यात, अंगावर चिलखते घेऊन निघाली. ४ जुलैला तिचा पुरता निकाल लागला. जेरुसलेमचा राजा गी कानाचा हलका होता, एवढे सांगून बहुतेक ठिकाणी विषय मिटवला जातो. आमची मुले मात्र टँकरची वाट पाहत वाढलेली आहेत, ती सरळ विचारतात, "सर, ज्यांचा जन्म तिथेच गेला, त्यांना तिथला उन्हाळा माहीत नव्हता का?" याचे पटेल असे उत्तर कोणी देऊ शकेल का?

बीडची निवृत्त मुख्याध्यापिका:
सर, उन्हाळा त्यांना चांगलाच माहीत होता, आणि त्या रात्रीच्या मसलतीत तो मुद्दा मांडलाही गेला होता. त्रिपोलीचा काउंट रेमंड याने पुढे जाऊ नये असा सल्ला दिला. तबरिया ही त्याच्या पत्नीची जहागीर होती आणि त्या घटकेला ती स्वतः तिथल्या किल्ल्यात अडकलेली होती. शहर गेले तर परत घेता येईल, पण फौज गेली तर राज्य जाईल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. राजाने ते मान्यही केले. मग मध्यरात्री टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती संन्याशांच्या संघटनेचा प्रमुख जेरार्ड एकटा राजाच्या तंबूत गेला आणि पहाटे कूच करण्याचा हुकूम निघाला.

राजाने हे का ऐकले, याचे उत्तर चार वर्षे मागे सापडते. ११८३ मध्ये सलाहुद्दीन असाच चालून आला होता. तेव्हा कुष्ठरोगी राजा चौथ्या बाल्डविनच्या वतीने फौजेची सूत्रे याच गीकडे होती. तो पाण्याजवळ ठाण मांडून बसला, लढाई टाळली, आणि शेवटी सलाहुद्दीन माघारी गेला. लष्करी दृष्टीने यात काहीच वावगे नव्हते. तरीही त्याच्यावर भित्रेपणाचा शिक्का बसला आणि थोड्याच काळात त्याचा कारभार काढून घेण्यात आला. ११८६ मध्ये पत्नी सिबिलाच्या हक्कामुळे तो राजा झाला, तेव्हा रेमंडने त्याला मानण्यास नकार दिला आणि उलट सलाहुद्दीनशी स्वतंत्र समझोता केला. १ मे ११८७ रोजी त्या समझोत्यामुळेच सलाहुद्दीनची एक तुकडी रेमंडच्या मुलखातून सुखरूप गेली. क्रेसनच्या झऱ्यापाशी जेरार्डने मूठभर घोडेस्वारांनिशी तिच्यावर हल्ला चढवला आणि त्याची जवळजवळ सगळी माणसे मारली गेली. आता विचार करा, दोन महिन्यांनी तोच रेमंड "थांबा" म्हणतो, तेव्हा ते कोण ऐकून घेणार? सल्ला खरा होता, पण सांगणाऱ्याची पत गेलेली होती. त्यात भर म्हणजे, इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने टेम्पलरांकडे ठेवलेला पैसा जेरार्डने भाडोत्री सैनिकांसाठी मोकळा केला होता, म्हणजे राजा त्याच्या ऋणातही होता.

लातूरचा वाचक:
मॅडमनी राजकारण सांगितले, मी वाट सांगतो. सफुरिया ते तबरिया हे अंतर साधारण पंचवीस-तीस किलोमीटर आहे. वाटेत तुरान येथे झरा होता, पण एवढ्या फौजेला आणि घोड्यांना तो पुरणारा नव्हता. फौज तिथून पुढे सरकताच सलाहुद्दीनच्या तुकड्यांनी मागची वाट अडवली. त्यामुळे पुढचे पाणी दूर राहिले आणि मागचे हातचे गेले. मिस्कानाच्या माळावर रात्र कोरडी काढावी लागली. पलीकडच्या छावणीत मात्र उंटांवरून तबरियाच्या सरोवराचे पाणी येत होते. त्यांनी वाळलेले गवत पेटवून दिले आणि तो धूर तहानलेल्या माणसांच्या घशात गेला. सकाळी पायदळाने शिस्त मोडून हत्तीनच्या जोडशिखरांच्या टेकडीकडे धाव घेतली आणि ते खाली उतरेना. पायदळाच्या आडाशिवाय घोडी बाणांना आयतीच सापडली. रेमंडने खाली धडक दिली, तेव्हा सलाहुद्दीनचा पुतण्या तकीउद्दीन याने रांग उघडून त्याला जाऊ दिले आणि पुन्हा मिटवून घेतली. मला तरी या लढाईतली सर्वांत हुशार हालचाल हीच वाटते.

जामखेडकडचा:
आमच्या शेजारच्या खर्ड्याला १७९५ मध्ये निजामाची फौजही अशीच पाण्यावाचून कोंडली गेली होती. वर्गात तो दाखला द्या, लगेच समजेल.

परभणीचा प्राध्यापक:
सर्वांचे आभार. खर्ड्याचा दाखला नक्की देईन. आणखी एक शंका: हे युद्ध केवळ धर्माचे होते, असे मुलांना सांगावे का?

नांदेडचा सलीम:
सर, "केवळ" हा शब्द वगळावा. सलाहुद्दीनची त्याआधीची बरीच वर्षे मुस्लिम राज्यकर्त्यांशीच झगडण्यात गेली. अलेप्पो ११८३ मध्ये हाती आले आणि मोसुल ११८६ मध्ये नमले, तेव्हा कुठे एवढी मोठी फौज उभी राहिली. ताजे निमित्तही तहभंगाचे होते. केरकचा ख्रिस्ती सरदार रेनाल्ड याने तह चालू असताना काफिला लुटला होता. लढाईनंतर सलाहुद्दीनने राजा गीला बर्फाने गार केलेले सरबत दिले. गीने तो पेला रेनाल्डकडे सरकवला, तेव्हा सलाहुद्दीनने बजावले की हे याला मी दिलेले नाही. पाहुणचार घेतलेल्या कैद्याला अभय मिळण्याची रीत होती, ती रेनाल्डला लागू होऊ द्यायची नव्हती. रेनाल्डला त्याने स्वतःच्या हाताने मारले.

मात्र धर्म बाजूला काढूनही चालणार नाही. ख्रिस्ती फौजेने पवित्र क्रूस (येशूला ज्यावर चढवले त्याचाच अंश मानला जाणारा) रणात आणला होता आणि तो हातचा गेल्याने तिचा धीर सुटला. पकडलेल्या टेम्पलर आणि तशाच दुसऱ्या हॉस्पिटलर संघटनेच्या सैनिकांची कत्तल झाली, तीही सलाहुद्दीनसोबतच्या धार्मिक मंडळींच्या हातून. त्याचे औदार्य सांगताना हा भाग गाळला जातो, तो गाळू नये.

बीडची निवृत्त मुख्याध्यापिका:
सलीमभाई, हे बरोबर सांगितलेत. सर, मुलांना एक गोष्ट अवश्य सांगा. एवढी फौज उभी करण्यासाठी किल्ल्यांमधली शिबंदी काढून घेतली होती, म्हणून एका लढाईने राज्य गेले. आक्रे हे बंदर आठवड्याभरात शरण आले आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम. टायर हे बंदर तेवढे टिकले, कारण त्याच जुलैत माँफेराचा कॉनराड समुद्रमार्गे तिथे पोहोचला आणि त्याने तटबंदी सांभाळली. तिसरे क्रुसेड त्या एका बंदराच्या आधारावर उभे राहिले.