पार्क ग्वेल पाहिलेल्या नाशिककरांनो, फोटोत न आलेलं लिहा

ऑक्टोबरात बार्सिलोनाला जाऊन आले. सोसायटीत सांगितलं, तर चार जणींनी लगेच मोबाइल काढले आणि त्याच जिन्यावरच्या त्याच रंगीत सरड्यापाशी काढलेले आपापले फोटो दाखवले. म्हणजे गंगापूर रोडवरची बरीच मंडळी तिथली पार्क ग्वेल, गाउदी या वास्तुविशारदानं घडवलेली बाग, पाहून आलीत, पण फोटोपलीकडे कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. सरड्याचे फोटो नकोत, कॅमेऱ्यात न मावलेलं लिहा.

सुरुवात माझ्या फजितीपासून. बागेत जायला कसलं आलंय बुकिंग, या आपल्या हिशेबानं मी, नवरा आणि आई अकरा वाजता गेटवर हजर. तिकीट वेळेचं असतं, एकेका वेळेला ठरावीकच माणसं सोडतात. आमच्यासाठी पुढची मोकळी वेळ संध्याकाळी साडेपाचची! आई तिथंच फुटपाथच्या कट्ट्यावर बसली आणि पर्समधून चिवड्याची पुडी काढली. "येवढी चढण चढवलीस, आता मी कुठं जात नाही." शेवटी दुसऱ्या दिवशीचं सकाळचं तिकीट मोबाइलवर काढलं. तिघांचे ५४ युरो. आत काय झालं ते नंतर सांगते, आधी तुम्ही बोला.

*

इंदिरानगरहून.

माझा धंदा वॉटरप्रूफिंगचा. बायको म्हणते, "तुम्ही परदेशातसुद्धा गच्च्याच बघता." खरं आहे ते.

वरचा तो मोठा चौक, ज्याच्या कडेनं नागमोडी बाक आहे, तो जमिनीवर नाही. त्याचा बराचसा भाग म्हणजे खालच्या खांबांच्या दालनाची गच्ची. खाली ८६ खांब. दालन बाजारासाठी योजलेलं होतं, रहिवाशांनी भाजी घ्यायला यायचं. आता गच्ची म्हटलं की आमच्या डोक्यात काय येतं? कोबा, उतार, कोपऱ्यात पन्हळीचं तोंड. इथं वर फरशीच नाही, नुसती मातीवाळू. मी पाच मिनिटं उतार शोधत फिरलो. मग माहितीफलक वाचला. पाणी वाहून न्यायचंच नाही, जिरवायचं. ते दगडगोट्यांच्या थरांतून गाळत खाली उतरतं, पोकळ खांबांमधून तळाच्या टाकीत जातं. टाकी १,२०० घनमीटरची, म्हणजे १२ लाख लिटर, म्हणजे आपला दहा हजारी टँकर धरला तर १२० टँकर. टाकी भरली की जास्तीचं पाणी जिन्यावरच्या त्या सरड्याच्या तोंडातून बाहेर. तुम्ही सगळे ज्याच्यासोबत फोटो काढता तो मूळचा ओव्हरफ्लोचा पाइप आहे!

खांब पोकळ आहे का हे बघायला मी बोटाच्या पेरानं टकटक केलं. पहारेकऱ्यानं लांबूनच बोट हलवलं. बायको दोन खांब सोडून उभी राहिली, ओळख नसल्यासारखी.

आणि तो रंगीबेरंगी तुकड्यांचा प्रकार, त्रेंकादीस म्हणतात तिकडे. आपल्याकडे जुन्या बंगल्यांच्या गच्चीवर चायना चिप्स बसवायचे, आठवतंय? आमची माणसं फरशा गोणपाटात गुंडाळून हातोड्यानं फोडतात, पांढरी कपची वर येईल अशी बसवतात. तत्त्व तेच. अख्खी फरशी वळणावर बसत नाही, तुकडा बसतो. बाकाचे रंग जुळवले ते झुजोल या गाउदीच्या सहकाऱ्यानं, आणि माल बहुतेक कारखान्यातला रिजेक्ट. मी बाकावर हात फिरवून पाहिला. एकही कड हाताला लागत नाही. आमच्याकडे चायना चिप्सच्या गच्चीवर अनवाणी चालून दाखवा.

*

दोन तास रांग, ऊन, सेल्फी स्टिक. सरड्यापाशी फोटोसाठी वेगळी रांग. मला तरी एवढ्या पैशात काही विशेष वाटलं नाही. सग्रादा फॅमिलियाला, म्हणजे गाउदीच्याच त्या चर्चला, गेलात तरी पुरे.

*

नाशिकरोडहून, वय वर्षे ७१.

वर लिहिलंय तसं तिकिटाचं आणि रांगेचं दुःख मला २०११ साली नव्हतं. मुलगा तिकडे होता, आम्ही संध्याकाळी फिरत फिरत गेलो, कुणी तिकीट विचारलं नाही. २०१३ पासून तिकीट आलं. २०२३ ला नातीला घेऊन गेलो तेव्हा मोठ्यांना १० युरो होते, आता धागा काढणाऱ्या ताईंनाच विचारा, १८ झालेत.

गुडघेवाल्यांसाठी : लेसेप्स मेट्रो स्टेशनावरून चालत जाऊ नका. वायकार्का स्टेशनावरून गल्लीत उघड्यावरच सरकते जिने लावलेत. मध्ये दोन टप्पे पायीच चढावे लागतात, पण वर पोचता तेव्हा अंगात थोडा जीव उरलेला असतो.

मी प्रेसमध्ये नोकरी केली, निवृत्तीचे पैसे प्लॉटमध्ये घातले, त्यामुळे मला या बागेची एकच गोष्ट मनापासून भावली. ही बाग नव्हतीच. हा फसलेला लेआउट आहे! ग्वेल नावाच्या उद्योगपतीनं १९०० साली गावाबाहेरच्या बोडक्या टेकडीवर ६० प्लॉट पाडायला घेतले. गाउदीनं रस्ते, पूल, गेट, बाजार, पाणी सगळं आधी करून ठेवलं. आपल्याकडे उलटं असतं, गेट आणि बोर्ड आधी, पाणी पुढल्या पिढीला. पण अटी कडक. प्लॉटच्या सहाव्या हिश्श्यातच बांधायचं, शेजाऱ्याचं ऊन आणि समुद्राचा देखावा अडवायचा नाही. शिवाय यायला धड वाहन नाही. घरं झाली फक्त दोन. त्यातलं नमुन्याचं घर कुणी घेईना म्हणून शेवटी गाउदीच १९०६ मध्ये वडिलांना आणि भाचीला घेऊन तिथं राहायला गेला. सॅम्पल फ्लॅटमध्ये आर्किटेक्ट! १९१४ ला काम थांबलं, ग्वेल १९१८ ला गेला, १९२२ ला वारसांनी सगळं नगरपालिकेला विकलं आणि १९२६ पासून ती सार्वजनिक बाग झाली. नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "आबा, मग तुमच्या प्लॉटचीपण बाग होईल."

*

पंचवटीची, सध्या बार्सिलोनात शिकते.

एक सांगू का, रागावू नका. तुम्ही सगळे ज्या गल्ल्यांतून वर चढता तिथं लोक राहतात. बागेजवळून ११६ नंबरची छोटी बस जाते. ती पर्यटकांनी इतकी भरायची की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बाजारहाट करून घरी यायला जागा मिळेना. लोकांनी तक्रारी केल्या आणि २०२४ मध्ये तो बसमार्ग गुगलच्या नकाशावरून काढून टाकला. आता बस आहे, पण फोनमध्ये दिसत नाही. माझी घरमालकीण हे सांगताना लहान पोरीसारखी हसते.

मला हे लगेच पटलं, कारण मी रामकुंडाजवळ वाढलेय. २०१५ च्या सिंहस्थात २९ ऑगस्टच्या पर्वणीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड होतं आणि दूध घेऊन येणाऱ्या बाबांना स्वतःच्या घरी जायला अर्धा तास समजूत घालावी लागली होती. बाहेरून आलेल्याला गाव म्हणजे तीर्थ, आपल्याला ते आपलं अंगण.

इथं पालिकेत पत्ता नोंदवला की सकाळी लवकर, पर्यटकांना सोडायच्या आधी, स्थानिकांना बागेत जाता येतं. मी परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घेऊन गेले होते. एक आजोबा कुत्र्याला घेऊन खांबांमधून सावकाश चालत होते, एक बाई बाकावर वाटाणे सोलत बसल्या होत्या. हो, वाटाणे. कोणी सरड्याकडे बघतही नव्हतं.

*

सिडको. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. बाकी विचारू नका.

*

पुन्हा मीच, धागा काढणारी. पंचवटीच्या मुलीचं वाचून जरा खजील झाले. त्या दिवशी फुटपाथवर चिवडा खाताना एका दारातून बाई दोनदा डोकावल्या होत्या. आईनं त्यांना मूठभर देऊ केला, त्यांनी घेतलाही, दारातच उभ्या राहून खाल्ला. मिरची लागल्यावर "आय आय" करून आत गेल्या आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी आत गेलो. नवऱ्याला फोटो हवे होते, तो जिन्यावर रांगेत. आई आणि मी खांबांच्या दालनात गारव्याला थांबलो. आईला स्पाँडिलायटिस, वर बघायचं म्हणजे माझ्या खांद्याला धरून मान मागे टाकायची. बघता बघता म्हणाली, "अगं, ती बशी आहे." छतावर मोठमोठी गोल नक्षी आहे, तिच्यात खरंच बश्यांचे, बाटल्यांचे, कपांचे तुकडे बसवलेत. नवरा फोटो काढून येईपर्यंत आई छतच वाचत होती. "तो बघ कपाचा कान. ते झाकण असेल. ही निळी तर आपल्या ताईच्या रुखवतातल्या सेटसारखी."

परवा घरी चहाचा कप फुटला. मी सुपलीत भरून कचऱ्यात टाकायला निघाले, तर आईनं तुकडे मागून घेतले. ओट्याखाली बिस्किटांचा जुना डबा आहे, त्यात आतापर्यंत दोन कप आणि दीड बशी जमलीय.

इंदिरानगरच्या दादा, एवढ्यात गच्चीवरचा कुंड्यांचा कट्टा किती होईल?