डीसीपीटीचे ठोके भागून आलेला एन डिझाइनला चालेल का?

मृदापारखी: पंचगंगेकाठच्या एका प्लॉटवर दोन बोअरमध्ये एसपीटी (नळा ठोकून नमुना घेणारी चाचणी, ३० सेंमीला लागलेले ठोके म्हणजे एन), मधल्या जागेत सहा डीसीपीटी (बोअर न घेता कोन ठोकत नेणारी चाचणी), असं ठरूनच गेलंय. मग ५० मिमी कोनचे ३० सेंमीचे ठोके ३ मीटरपर्यंत १.५ने, ३ ते ६ मीटरला १.७५ने आणि त्याखाली २ने भागायचे. ५ मीटरवर २१ ठोके, म्हणून एन १२. या १२ वर भारक्षमता काढायला माझा ठाम विरोध आहे. भागायचा हा गुणक खोलीबरोबर वाढतो, कारण बोअर नसल्यामुळे माती रॉडला घासते. हे घासणं चिकणमातीत आणि वाळूत सारखं कसं असेल?

तिपाई: घर्षण नको असेल तर ६२.५ मिमी कोन आणि बेंटोनाइट (घर्षण कमी करणारा मातीचा पातळ चिखल) वापरा, भारतीय मानक आयएस ४९६८ भाग २ त्यासाठीच आहे. आणि एसपीटी तरी कुठे निर्दोष? ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून मोकळा पडायला हवा. विंचवर दोरीचा एक वेढा जास्त झाला की ऊर्जा घटते, एन फुगतो. बोअरमधलं पाणी भूजलपातळीखाली गेलं की तळाची वाळू उकळून सैल होते, एन पडतो. दोन बोअरच्या मधला गाळाचा खिसा मात्र डीसीपीटीच दाखवते.

मृदापारखी: खिसा शोधायला जरूर वापरा, आक्षेप आकड्याला आहे. ७ मीटरवर मुरमातला गोटा कोनाखाली आला, ४० ठोके पडले, भागून एन २०! गोटा एसपीटीलाही फसवतो, पण तिथे नळ्याचं चेपलेलं तोंड आणि आतला नमुना बघता येतो. काळ्या मातीत तर उन्हाळ्यात ठोके जास्त, पावसाळ्यात कमी. तिचं फुगणं दोन्ही चाचण्यांत कळत नाही, फ्री स्वेल वेगळी करावीच लागते.

स्थिरकोन: गाळाला सीपीटी (ठोके न मारता कोन दाबत नेणारी चाचणी) घ्या, सेकंदाला २ सेंमी दराने सलग नोंद मिळते. फक्त तिथेही एकच गुणक नको. किलो प्रति चौसेंमीतला कोनरोध (कोनाला मातीचा विरोध) भागिले एन हे चिकणमातीत दीड-दोनच्या आसपास, स्वच्छ वाळूत पाच-सहा. चिकण गाळाला सरसकट ४ धरलं तर एन निम्मा किंवा त्याहून कमी येतो. मुरूम लागला की मात्र कोन थांबतो, हलक्या यंत्राचे अँकर उपटतात.

तिपाई: म्हणून प्रत्येक बोअरपासून २-३ मीटरवर एक डीसीपीटी घ्या, एसपीटी-डीसीपीटीच्या थरवार जोड्या मांडा आणि त्या जागेचाच गुणक काढा. पुस्तकी १.७५ची गरजच उरत नाही.

मृदापारखी: हे मान्य. पण दर दीड मीटरला एक एसपीटी धरली तर ३ मीटरच्या गाळात दोन बोअर मिळून चारच जोड्या हाती येतात, आणि त्यातली एक गोट्यावरची निघाली की गुणक डळमळतो. तिसरा बोअर घ्या, गाळात अंतर ७५ सेंमी करा, मग त्या गुणकावर बोलू.